‘क्लासिक’ची कुळकथा

इंग्रजीतील स्तुतिवाचक शब्द फार लवकर झिजतात. ‘नाइस’ हा शब्द ‘अजाण’ या अर्थाच्या लॅटिन शब्दापासून निघाला. मध्ययुगात ‘मूर्ख’, पुढे ‘चोखंदळ’, ‘काटेकोर’ असे अर्थ धारण करीत तो आजच्या गुळगुळीत पसंतीपर्यंत येऊन पोचला. ‘ऑसम’ या शब्दात एकेकाळी परमेश्वरासमोर वाटणारा धाक होता. आता तो पावभाजीलाही लावता येतो. ‘क्लासिक’ हा शब्द याच बाजारात वावरतो. फलंदाजाचा कव्हर ड्राइव्ह क्लासिक असतो, जुनी मोटार क्लासिक असते, मित्राची फजितीही क्लासिक असते. तरीही हाच शब्द एखाद्या ग्रंथापुढे आला की त्याचे वजन पालटते. ‘हे पुस्तक नाइस आहे’ असे म्हणणारा आपली आवड सांगतो. ‘हे पुस्तक क्लासिक आहे’ असे म्हणणारा निकाल देत असतो, आणि तो निकाल आपण एकट्याने दिलेला नसून पिढ्यान्‌पिढ्यांनी दिलेला आहे, असा त्याचा आव असतो.

या शब्दाचा अर्थ, उगम आणि वापर यांचा मागोवा घ्यावा असे आम्हांस वाटले, याला निमित्तही आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला ‘क्लासिकल’ भाषेचा दर्जा दिला आणि ‘अभिजात’ हा शब्द, जो तोवर समीक्षेच्या तासापुरता होता, तो फलकांवर आणि भाषणांत गेला. ज्या शब्दाने आपल्या भाषेचा गौरव होतो, तो शब्द नेमके काय बोलतो हे साहित्याच्या विद्यार्थ्याने व शिक्षकाने तरी विचारलेच पाहिजे. आणि हा शब्द जे बोलतो ते ऐकताना थोडे अवघडल्यासारखे होते, हे आधीच सांगून ठेवतो.

सुरुवात प्राचीन रोमच्या करवसुलीपासून करावी लागते. सर्व्हियस टुलियस हा रोमचा सहावा राजा. त्याने नागरिकांची मालमत्तेनुसार वर्गवारी केली, अशी रोमन परंपरा आहे. या वर्गाला लॅटिनमध्ये ‘क्लासिस’ म्हणत. असे पाच वर्ग होते; कोणी किती कर द्यायचा, युद्धात कोणती शस्त्रे स्वखर्चाने आणायची, मतदानात कोणाचा क्रम आधी, हे सारे या वर्गावरून ठरे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील ऑलस गेलियस हा लेखक आपल्या ‘अ‍ॅटिक रात्री’ या संकीर्ण ग्रंथात नोंदवतो की, ‘क्लासिकस’ ही संज्ञा पाचही वर्गांतल्या लोकांना लागू नव्हती. ज्यांची मालमत्ता १,२५,००० ‘आस’ किंवा त्याहून अधिक, अशा पहिल्या वर्गातील धनिकांनाच ती लावीत. उरलेले सारे ‘वर्गाखालचे’. आणि तळाशी होते ‘प्रोलेटेरियस’, म्हणजे ज्यांच्यापाशी राज्याला देण्यासारखे ‘प्रोलेस’, अर्थात संततीखेरीज काही नाही असे लोक. पुढे एकोणिसाव्या शतकात मार्क्समुळे जगभर पोचलेला ‘प्रोलेटेरिएट’ हा शब्द याच वंशातला. ‘क्लासिक’ आणि ‘प्रोलेटेरियन’ हे एकाच खानेसुमारीचे वरचे आणि खालचे टोक आहे.

करखात्यातला हा शब्द साहित्यात कसा आला, त्याची हकिकत गेलियसनेच सांगितली आहे. तरुणपणी तो रोममध्ये फ्रॉन्टोच्या घरी जात असे. हा फ्रॉन्टो पुढे सम्राट झालेल्या मार्कस ऑरेलियसचा वक्तृत्वाचा गुरू. जन्माने आफ्रिकेतील नुमिडिया प्रांताचा. एके दिवशी तेथे एका कवीने सांगितले की, आपला जलोदर तापलेल्या वाळूच्या उपचाराने बरा झाला. बोलताना त्याने ‘वाळू’ या शब्दाचे अनेकवचन केले. फ्रॉन्टो हसून म्हणाला की, तू रोगातून मुक्त झालास, भाषेच्या दोषातून मात्र नाही. कारण ज्यूलियस सीझरने आपल्या व्याकरणविषयक ग्रंथात हा शब्द नेहमी एकवचनीच वापरावा असे सांगितले आहे. मग चर्चा रंगते. चौघडी घोड्यांच्या रथाचा शब्द नेहमी अनेकवचनी का, असले प्रश्न निघतात. शेवटी फ्रॉन्टो मंडळींना सांगतो की, जुन्या वक्त्यांपैकी वा कवींपैकी कोणी हा शब्द असा वापरला आहे का ते पाहा. मात्र तो लेखक ‘क्लासिकस’ असावा, खात्रीचा करदाता असावा, ‘प्रोलेटेरियस’ नसावा.

साहित्यिक प्रतिष्ठेच्या अर्थाने ‘क्लासिक’ शब्दाचा हा पहिला उपलब्ध वापर. त्याचे बारकावे पाहण्यासारखे आहेत. तो एका थट्टेखोर रूपकात आला आहे. प्रश्न काव्याच्या सौंदर्याचा नाही, शब्दरूप शुद्ध कोणाचे मानावे हा आहे. उत्तरासाठी मात्र फ्रॉन्टो सामाजिक उतरंडीकडे वळतो: ज्याची पत आहे त्याची साक्ष ग्राह्य. न्यायालयात श्रीमंताचा जामीन चालावा आणि भणंगाचा चालू नये, तसे भाषेच्या न्यायालयात. म्हणजे ‘क्लासिक’ हा शब्द जन्मला तोच पत, मालमत्ता आणि प्रामाण्य यांची गाठ मारून.

एवढ्या मोठ्या शब्दाचा आधार एवढा बारीक असावा, याचे आश्चर्य जर्मन विद्वान अर्न्स्ट रॉबर्ट कुर्टियस यांनाही वाटले होते. युरोपीय साहित्य आणि लॅटिन मध्ययुग यांवरील १९४८ च्या ग्रंथात त्यांनी गेलियसच्या या एकाकी उताऱ्याकडे लक्ष वेधले. मध्ययुगात हा अर्थ निद्रिस्तच होता. सोळाव्या शतकाच्या आरंभी मानवतावादी पंडितांनी जुने ग्रंथ धुंडाळताना तो उचलला. फ्रेंच भाषेत तो १५४८ मध्ये तोमा सेबिये याच्या काव्यशास्त्रात येतो. आणि तेथे तो कोणाला लावला आहे? होमर-व्हर्जिलला नव्हे, जाँ द मँ आणि आलाँ शार्तिये या मध्ययुगीन देशभाषेतील कवींना. फ्रेंचने हा शब्द प्रथम घेतला तो आपल्याच घरातील पूर्वजांच्या गौरवासाठी. उसना शब्द घेऊन स्वतःच्या भाषेचे मोठेपण सिद्ध करण्याची धडपड तेव्हापासूनची आहे.

याच सुमारास शब्दाला दुसरा अर्थ चिकटला. ‘क्लास’ म्हणजे शाळेतला वर्ग. वर्गात जे लेखक शिकवले जात ते ग्रीक व लॅटिन. म्हणून ‘क्लासिक’ म्हणजे वर्गात शिकवण्याजोगा, अशीही समजूत रूढ झाली. मूळच्या धनिकाची जागा क्रमिक पुस्तकाने घेतली म्हणा ना. सतराव्या शतकात इंग्रजीत हा शब्द स्थिरावला तेव्हा ‘अव्वल दर्जाचा’ आणि ‘प्राचीन ग्रीक-रोमन’ हे दोन्ही अर्थ त्यात मिसळलेले होते. डॉ. जॉन्सन यांनी १७५५ च्या शब्दकोशात क्लासिक म्हणजे पहिल्या प्रतीचा लेखक असे सांगून, सहसा ही संज्ञा प्राचीनांनाच लावतात अशी पुस्ती जोडली आहे.

मग अर्वाचीनांनी काय करायचे? अलेक्झांडर पोपने १७३७ मध्ये होरेसच्या पत्रकवितेचे इंग्रजी रूपांतर करताना या प्रश्नाची खिल्ली उडवली. शंभर वर्षे टिकला तो क्लासिक असे मानले, तर ज्याला एक वर्ष कमी पडते त्याचे काय? आणि एक वर्ष चालवून घेतले, तर मग आणखी एक का नको? तरीही शतकाची ही कसोटी इतकी रूढ होती की, १७६५ मध्ये शेक्सपिअरच्या नाटकांची आवृत्ती सिद्ध करताना जॉन्सन यांनी प्रस्तावनेत तिचाच आधार घेतला: शेक्सपिअरने आपले शतक ओलांडले आहे, त्याच्या काळातील हितसंबंध आणि वादविषय विझले आहेत, आणि तरी तो वाचला जातो. येथे शब्दाचा गाभा सरकताना दिसतो. प्रमाणपत्र आता मालमत्तेचे नाही, काळाचे आहे. लेखक कोठे जन्मला यापेक्षा ग्रंथ किती तगला याला महत्त्व येते.

येथे एक कालक्रम ध्यानात ठेवावा. समाजातील उच्च, मध्यम, कनिष्ठ या अर्थाने ‘क्लास’ हा शब्द इंग्रजीत रुळला तो साधारणपणे १७७० ते १८४० या काळात, औद्योगिक क्रांतीच्या धगीत. रेमंड विल्यम्स यांनी ‘कीवर्ड्स’ या १९७६ च्या पुस्तकात हे दाखवून दिले आहे. म्हणजे इंग्रज वाचक जेव्हा ‘क्लासिक’ म्हणू लागला, तेव्हा त्याच्या कानांना त्यातला ‘वर्ग’ ऐकू येत नव्हता. रोमन करदाता विस्मृतीत गेला होता आणि आधुनिक वर्गसंघर्ष यायचा होता. या मधल्या निर्धास्त काळात हा शब्द निरपेक्ष गुणवत्तेचे नाव बनला.

युरोपातील इतर विचारवंत मात्र इतके निर्धास्त नव्हते. गटेने १७९५ च्या एका निबंधात विचारले की, राष्ट्रीय क्लासिक लेखक केव्हा आणि कोठे निर्माण होतो? त्याच्या मते त्यासाठी राष्ट्राचा इतिहास, संस्कृती, भाषेची घडण या साऱ्यांचा योग जुळून यावा लागतो. पण ज्या उलथापालथींतून जर्मनीत क्लासिक कृती निपजतील, त्या उलथापालथी आम्हांला नकोत, असेही तो सांगतो. फ्रेंच राज्यक्रांतीच्या सावलीत लिहिलेला हा मजकूर आहे. ग्रंथ क्लासिक होण्यात लेखकाच्या प्रतिभेइतकाच परिस्थितीचा वाटा असतो, याची ही स्पष्ट कबुली होय.

१८५० च्या ऑक्टोबरात सँत-बव्ह या फ्रेंच समीक्षकाने ‘क्लासिक म्हणजे काय?’ या मथळ्याचा निबंध लिहिला. गेलियसचा दाखला त्याला ठाऊक होता आणि तो त्याने आरंभीच दिला. मानवी मनाच्या ठेव्यात ज्याने खरी भर घातली, जो स्वतःच्या शैलीत बोलूनही सर्वांचा वाटतो, तो क्लासिक, असे त्याचे विवेचन आहे. निबंधाच्या उत्तरार्धात तो अभिरुचीचे एक मंदिर कल्पितो आणि त्याची दारे रुंद करतो. होमर अग्रस्थानी आहेच. पण त्याच्यामागून पूर्वेकडच्या राजांप्रमाणे वाल्मीकी, व्यास आणि फिरदौसी येतात. पॅरिसच्या वर्तमानपत्री सदरात १८५० साली रामायण-महाभारताच्या कर्त्यांना मिळालेले हे स्थान आजही सुखावते. मात्र सुखावताना हेही दिसते की, मंदिर त्याचे, दार त्याचे, आणि आत कोणाला घ्यायचे हे ठरवणाराही तोच.

विसाव्या शतकात दारावरचा पहारा प्रकाशकांनी घेतला. ‘वर्ल्ड्‌स क्लासिक्स’ ही स्वस्त ग्रंथमाला १९०१ मध्ये निघाली, ‘एव्हरीमन्स लायब्ररी’ १९०६ मध्ये. ‘पेंग्विन क्लासिक्स’चा प्रारंभ १९४६ मध्ये ई. व्ही. रियू यांनी केलेल्या ‘ओडिसी’च्या सुबोध गद्य भाषांतराने झाला. येथे शब्दाच्या इतिहासात एक सुंदर उलट घडली. जो शब्द सव्वा लाखाच्या मालमत्तेपासून निघाला, तो आता गिरणीकामगाराच्या खिशात मावेल अशा किमतीच्या पुस्तकावर छापला जाऊ लागला. पण शिक्का प्रकाशकाच्या हाती गेला की त्याचे पुढे काय होते, तेही दिसले. २०१३ मध्ये मॉरिसी या हयात गायकाचे आत्मचरित्र प्रथम प्रकाशितच ‘पेंग्विन क्लासिक’ म्हणून झाले आणि इंग्लंडात बरीच चर्चा झडली. त्याआधी १९८५ मध्ये कोका-कोला कंपनीने नवी चव आणून पाहिली, लोक खवळले, आणि तीनच महिन्यांत जुनी चव ‘क्लासिक’ हे नाव लावून परत आली. काळाने द्यायचे प्रमाणपत्र बाटलीवर छापून मिळू लागले.

मराठी बोलीनेही या शब्दकुळाशी आपले नाते जोडले आहे. ‘गाणे एकदम क्लास झाले’ असे म्हणणारा तरुण ‘क्लासिक’मधले शेपूट छाटून मुळाशीच पोचतो. आणि ‘फर्स्टक्लास’ व ‘थर्डक्लास’ ही विशेषणे आपल्याला आगगाडीने दिली. रेल्वेतला तिसरा वर्ग १९७४ साली बंद झाला, पण ‘थर्डक्लास माणूस’ ही शिवी जिवंत आहे. डब्याच्या भाड्यावरून माणसाची प्रत ठरवणे हे सर्व्हियस टुलियसच्या राज्यात कोणालाही चटकन समजले असते.

शब्दातले हे वर्गभान गंभीरपणे तपासले ते दोन व्याख्यानांनी, ज्यांचे शीर्षक एकच आहे. १६ ऑक्टोबर १९४४ रोजी, युद्ध चालू असताना, टी. एस. एलियट यांनी लंडनच्या व्हर्जिल सोसायटीपुढे ‘क्लासिक म्हणजे काय?’ हे अध्यक्षीय भाषण केले. मनाची, आचाराची आणि भाषेची परिपक्वता ही त्यांची कसोटी. तिच्यावर त्यांच्या मते पूर्णतः उतरतो तो एकटा व्हर्जिल. इंग्रजीत या अर्थाचा क्लासिक नाही, आणि कोणत्याही आधुनिक भाषेत तो होणे नाही. सत्तेचाळीस वर्षांनी, १९९१ मध्ये, दक्षिण आफ्रिकेचे कादंबरीकार जे. एम. कूट्सी यांनी ऑस्ट्रियातील ग्रात्स येथे त्याच शीर्षकाचे व्याख्यान दिले. त्यांनी विचारले की, अमेरिकेतील सेंट लुइस येथे जन्मलेला, १९२७ मध्ये ब्रिटिश नागरिकत्व घेतलेला कवी लंडनमध्ये उभा राहून युरोपचा केंद्रबिंदू रोममध्ये दाखवतो, तेव्हा तो साहित्याचे सत्य सांगतो आहे की एका प्रांतिकाने महानगरावर सांगितलेला हक्क आपण ऐकतो आहोत?

हा प्रश्न कूट्सी स्वतःलाही लावतात. १९५५ मध्ये, पंधरा वर्षांचे असताना, केप टाउनच्या उपनगरात शेजारून आलेले बाखचे संगीत ऐकून ते खिळून गेले होते. तो अनुभव सौंदर्याचा होता, की आफ्रिकेतल्या त्या कोपऱ्यातून सुटून उच्च युरोपीय संस्कृतीत शिरण्याची ती एका गोऱ्या मुलाची अबोध निवड होती? त्यांचे उत्तर साधे नाही. बाख १७५० मध्ये वारला आणि विस्मृतीत गेला; १८२९ मध्ये मेंडेल्सन याने बर्लिनमध्ये त्याची रचना सादर करून त्याला परत आणले, आणि त्या पुनरुज्जीवनात जर्मन राष्ट्रवादाचाही हात होता. पण त्या मधल्या काळात वादकांच्या पिढ्यांनी खाजगीत बाख वाजवला, तपासला, शिष्यांना दिला. जे या रोजच्या तपासणीतून टिकते ते क्लासिक, असे कूट्सी म्हणतात. म्हणून चिकित्सा ही क्लासिकची वैरी नाही. तिच्यावाचून क्लासिक जगत नाही.

प्रांत आणि केंद्र यांचा हा प्रश्न आपल्या दारात आणखी उघड स्वरूपात आला. इंग्रजांनी भारतात शिक्षणव्यवस्था उभारली तेव्हा भाषांची दोन कप्प्यांत विभागणी झाली: ‘क्लासिकल’ आणि ‘व्हर्नाक्युलर’. संस्कृत, अरबी, फारसी या पहिल्या; मराठी, बंगाली, गुजराती या दुसऱ्या. १८३५ च्या टिपणात मेकॉले याने देशी बोलींत वाङ्मय वा शास्त्र नाही असे सांगून टाकले, आणि इंग्रजांच्या पूर्वजांना जे ग्रीक-लॅटिन होते, ते भारतीयांना इंग्रजी असेल, असे मांडले. मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये स्थापन झाले. तेथील उच्च अभ्यासक्रमात मराठीला जागा मिळावी यासाठी न्यायमूर्ती रानडे यांना आयुष्याच्या अखेरच्या वर्षांपर्यंत झगडावे लागले. १८७८ चा देशी वृत्तपत्रांवरील निर्बंधांचा कायदाही ‘व्हर्नाक्युलर’ याच नावाने ओळखला गेला, आणि ‘व्हर्नाक्युलर फायनल’ ही परीक्षा तर अनेकांच्या आजी-आजोबांनी दिली आहे.

आता ‘व्हर्नाक्युलर’ची व्युत्पत्ती पाहावी. लॅटिनमध्ये ‘व्हर्ना’ म्हणजे मालकाच्या घरी जन्मलेला गुलाम. त्यावरून ‘व्हर्नाक्युलस’ म्हणजे घरचा, देशी. तेव्हा ज्या दोन कप्प्यांत आपल्या भाषा वाटल्या गेल्या, त्यांतला एक पहिल्या वर्गातल्या धनिकाचा आणि दुसरा घरगड्याचा. हे शब्द वापरणाऱ्या अधिकाऱ्यांच्या मनात ही व्युत्पत्ती असेलच असे नाही. ती नसतानाही उतरंड मात्र बिनचूक उमटली आहे.

‘क्लासिक’साठी मराठीने ‘अभिजात’ हा शब्द घेतला. संस्कृतात अभिजात म्हणजे उच्च कुळात जन्मलेला. त्यावरून विद्वान, सुंदर, योग्य असेही अर्थ कोशांत येतात. गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी संपत्ती घेऊन जन्मलेला आणि आसुरी संपत्ती घेऊन जन्मलेला, दोघेही ‘अभिजात’च आहेत, तेथे हा शब्द नुसता जन्म सांगतो, प्रशंसा करीत नाही. पुढे मात्र तो कुलीनतेला चिकटला. म्हणजे इंग्रजी शब्दातील मालमत्तेच्या जागी आपण जन्म ठेवला. भाषांतर म्हणून ते फार चपखल आहे: दोन समाजांनी आपापली उतरंड ज्या आधारावर रचली, तोच आधार आपापल्या प्रशंसेच्या शब्दात घातला. पर्याय नव्हते असे नाही. संगीताला आपण ‘शास्त्रीय’ म्हटले, तेथे नियमांची शिस्त पुढे आली. ग्रंथांना ‘अक्षर वाङ्मय’ असेही म्हणतात, तेथे न झिजणे, टिकून राहणे पुढे येते. जॉन्सन यांच्या शतकाच्या कसोटीशी या शब्दाचे जवळचे नाते आहे. पण व्यवहारात जिंकला तो ‘अभिजात’. शिवाय ‘क्लासिक’ ग्रंथ आणि ‘क्लासिकल’ भाषा हा इंग्रजीतला भेदही त्यात बुडाला. भाषा अभिजात ठरली म्हणून तीत लिहिलेला प्रत्येक ग्रंथ अभिजात ठरत नाही, हे वर्गात आवर्जून सांगावे लागते ते यामुळेच.

सरकारी अर्थाने या संज्ञेचा इतिहास २००४ मध्ये तमिळपासून सुरू होतो. पुढे संस्कृत (२००५), तेलुगू व कन्नड (२००८), मल्याळम (२०१३), ओडिया (२०१४) आणि २०२४ मध्ये मराठी, पाली, प्राकृत, असमिया व बंगाली अशा एकूण अकरा भाषांना हा दर्जा मिळाला. २००४ मध्ये एक हजार वर्षांची प्राचीनता पुरेशी होती. २००५ मध्ये ती दीड ते दोन हजार वर्षे झाली. पोपने शंभर वर्षांच्या निकषाची जी थट्टा केली होती, ती येथे आठवल्यावाचून राहत नाही. साहित्यपरंपरा मौलिक असावी, दुसऱ्या भाषिक समाजाकडून उसनी घेतलेली नसावी, अशीही अट होती. २०२४ मध्ये निकष सुधारताना ती गळाली आणि गद्य ज्ञानग्रंथ व कोरीव लेख यांच्या पुराव्याला स्थान मिळाले. महाराष्ट्र शासनाने २०१२ मध्ये नेमलेल्या रंगनाथ पठारे समितीने महाराष्ट्री प्राकृतापासून आजच्या मराठीपर्यंत सलग परंपरा मांडली होती. नाणेघाटाचा लेख, हालाची ‘गाथासप्तशती’, ‘लीळाचरित्र’, ‘ज्ञानेश्वरी’ ही त्या परंपरेची ठळक ठाणी.

या पुराव्याकडे पाहिले की शब्द आणि वस्तू यांतील विसंगती डोळ्यांत भरते. ‘प्राकृत’ या शब्दाचाच एक अर्थ सामान्य, अडाणी, खालच्या थरातला असा आहे. ‘गाथासप्तशती’चे जग शेतकरी, गुराखी, व्याध आणि गावातल्या स्त्रिया यांचे आहे. महानुभावांच्या ‘स्मृतिस्थळा’त प्रसंग आहे की, केशिराजबास संस्कृतात रचना करू लागले तेव्हा नागदेवाचार्यांनी त्यांना थांबवले, पंथातल्या साध्या म्हाताऱ्या त्यामुळे वंचित होतील, ही त्यांची काळजी होती. एकनाथांनी १५७३ मध्ये वाराणसीत भागवत पूर्ण करताना प्राकृताची कड घेतली, ती त्या भाषेला हीन लेखणाऱ्या पंडितांसमोर. आणि जनाबाई? नामदेवांच्या घरी वाढलेली, घरकाम करणारी, स्वतःला अभिमानाने दासी म्हणवणारी कवयित्री. ‘व्हर्ना’ या लॅटिन शब्दाचे याहून अचूक उदाहरण मराठीत शोधून सापडणार नाही. आणि आज ‘अभिजात’ म्हणून आपण जे मिरवतो त्यात तिच्या जात्यावरचे अभंग आहेत.

तुकारामांची कथाही येथे लक्षात घ्यावी. देहूचा हा कुणबी, परंपरेने सांगितल्याप्रमाणे, आपल्या वह्या इंद्रायणीत सोडावयास भाग पडला. १८६९ आणि १८७३ मध्ये विष्णु परशुरामशास्त्री पंडित व शंकर पांडुरंग पंडित यांनी पाठ ताडून सिद्ध केलेली गाथा मुंबई सरकारच्या साहाय्याने इंदुप्रकाश छापखान्यातून दोन खंडांत प्रसिद्ध झाली. संपादन, पाठचिकित्सा, अनुदान, छपाई: जे संस्कार ग्रीक-लॅटिन ग्रंथांवर होत, ते तुकारामांवर झाले. परंतु त्याआधीची दोन शतके तुकाराम वाचवले होते ते वारकऱ्यांनी, हस्तलिखितांनी आणि कीर्तनांनी. बाखला त्याच्या वादकांनी जसे जपले, तसेच हे. प्रमाणपत्र नंतर आले.

मग ज्या शब्दाच्या पोटात एवढी विषमता आहे तो टाकून द्यावा काय? आम्हांस तसे वाटत नाही. व्युत्पत्ती हा शब्दाचा भूतकाळ असतो, त्याची शिक्षा नव्हे. नाहीतर ‘नाइस’ म्हणणाऱ्या प्रत्येकाने शिवी दिली असे मानावे लागेल. पण शब्दाने आपल्याकडून नकळत काय करून घ्यावे, याला मर्यादा असावी. ‘अभिजात’ म्हणताना नजर पुन्हा पुन्हा जन्माकडे वळते: भाषा किती जुनी, लेख किती प्राचीन, कूळ कोणते. या प्रश्नांची उत्तरे इतिहासाला हवीत. परंतु साहित्याच्या वर्गात त्यांच्यावरच थांबले, तर नामदेव ढसाळांचे १९७२ मधील ‘गोलपिठा’ वाचताना आपल्यापाशी विचारण्यासारखे काहीच उरत नाही. आणि मराठीत रोमन अर्थाने ‘प्रोलेटेरियस’ लेखक कोण, याचे उत्तर तर त्या संग्रहाइतके उघड दुसरीकडे नाही. तो संग्रह आज विद्यापीठांतून शिकवला जातो. वर्गात शिकवला जाणारा तो क्लासिक, या जुन्या समजुतीनेही त्याने दार ओलांडले आहे. शतक भरायला अवकाश आहे. मधल्या काळात त्याचे काय होईल हे कोणत्याही राजपत्रावर अवलंबून नाही. तो किती जण खरोखर उघडतात, भांडतात, पुन्हा उघडतात, यावर आहे.

हे सांगताना फ्रॉन्टोकडेच परत जावेसे वाटते, कारण त्याच्या हकिकतीचा शेवट आम्ही अजून सांगितलेला नाही. ‘क्लासिकस’ हा शब्द ज्या वाक्यात प्रथम आला, ते वाक्य कोणाला पदवी देणारे नाही. ते आज्ञार्थी आहे: सवड मिळेल तेव्हा जा आणि शोधा. आणि गेलियस पुढे लिहितो की, ती शब्दरूपे जुन्या ग्रंथांत सापडतील असे फ्रॉन्टोला बहुधा वाटतही नव्हते. दुर्मिळ शब्दांच्या शोधाच्या निमित्ताने आपल्या तरुण मित्रांना वाचनाचा सराव व्हावा, एवढाच त्याचा हेतू होता. शिक्षकांनी हा शब्द फळ्यावर लिहिताना त्याच्यासोबतचा हा गृहपाठही द्यावा, इतकीच आमची विनंती आहे.